आमच्याकडे तर कोरडं आहे

गळतीची तक्रार घेऊन वरच्या मजल्यावर गेलं, की दार उघडणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘आमच्याकडे तर कोरडं आहे.’ यात खोटं काही नसतं. पाणी खाली उतरल्यावर वर कोरडंच राहणार. वर जितकं कोरडं तितकं खाली ओलं, यावरच तर हा सगळा व्यवहार उभा आहे. पण हे वाक्य बोलताना वरचा माणूस तुम्हाला आत बोलावतो, बाथरूमचा दिवा लावतो आणि चकचकीत फरशीकडे असा काही हात करतो, की ‘वा, छान ठेवलंय हो’ असं म्हणून तुम्हीच खाली येता. खाली बादली भरलेली असते.

आम्ही ३०२. वर ४०२. ठाण्याच्या सोसायट्यांत आडनाव फक्त पोस्टमनसाठी असतं, बाकी व्यवहार नंबरावर चालतो. ४०२मध्ये काका-काकू राहतात. काका बँकेतून निवृत्त झालेले, म्हणजे पुराव्याशिवाय काहीही मान्य न करण्याचा त्यांना जन्मभराचा सराव. काकू सुगरण, आणि आमची खरी अडचण तीच होती. भांडायचं तर समोरचा माणूस थोडा तरी वाईट लागतो. काकू भाद्रपदात उकडीचे मोदक पाठवतात, संक्रांतीला गुळाच्या पोळ्या, अधूनमधून अळूवड्या. ताटली रिकामी परत करायची नाही ही आमच्या घरची रीत. त्यामुळे बायको ताटलीत काहीतरी घालून वर जायची, काकूंच्या गुडघ्यांची चौकशी करायची आणि निघताना दारात चपला घालता घालता म्हणायची, ‘काकू, आमच्या पॅसेजमध्ये जरा ओल आल्यासारखं वाटतंय.’ चपला घालताना केलेल्या तक्रारीचं वजन निम्मं होतं. काकूही तितक्याच मायेनं म्हणायच्या, ‘हो का? बघायला हवं हो.’ आणि बघायचं राहून जायचं.

ओल काही एका दिवसात येत नाही. आधी छताला चहाच्या रंगाची कड येते. ती आपण बघतो आणि न बघितल्यासारखं करतो. मग रंग फुगतो, पोपडे सुटतात, आणि एक दिवस वरणाच्या वाटीत चुना पडतो. त्यानंतर थेंब. थेंब सुरू झाला की माणूस बादली ठेवतो, आणि बादली ठेवल्यावर आपण काहीतरी केलं हे समाधान त्याला बरेच दिवस पुरतं.

बायकोनं मात्र पहिल्यापासून दप्तर चोख ठेवलं. स्टुलावर चढून डागाच्या कडेनं तिनं पेन्सिलीची रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. डाग वाढला की नवी रेघ, नवी तारीख. दिवाळीपर्यंत छतावर एकात एक अशा बऱ्याच रेघा झाल्या होत्या. फराळाला आलेले पाहुणे माना वर करून वाचायचे, ‘म्हणजे गौरी जेवल्या तेव्हा एवढंच होतं होय!’

काकांनी ही छतावरची नोंदवही चष्मा बदलून दोनदा तपासली आणि बँकेतल्या माणसाला शोभेल असा एकच प्रश्न विचारला. ‘गळतं किती वाजता?’

सकाळी दहाच्या सुमाराला थेंबांचा वेग वाढतो, असं आम्ही सांगितलं. काकांचा चेहरा उजळला. ‘मी साडेपाचला आंघोळ करतो. ही साडेसहाला. दहाला आमचं बाथरूम वाळलेलं असतं. आता मला सांगा, दहाला आंघोळ करतं कोण?’

मग आख्ख्या विंगमध्ये दहाला आंघोळ करणाऱ्या माणसाचा शोध सुरू झाला. ६०१मधला मुलगा घरून काम करतो आणि उशिरा उठतो, त्याच्यावर सगळ्यांचा संशय. मधले दोन मजले कोरडे ठेवून त्याचं पाणी आमच्याकडे कसं येईल, हे कुणी विचारलं नाही. उशिरा उठणाऱ्याच्या बाबतीत आपल्याकडे काहीही शक्य मानतात. त्यात भर म्हणजे काका-काकू भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला गेले आणि गळती चालूच राहिली. परत आल्यावर काकांनी महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटं दाखवली, जातानाची आणि येतानाची. गुन्ह्याच्या वेळी आरोपी शहरातच नव्हता. आम्ही तिकिटं बघितली आणि ‘लग्न कसं झालं?’ असं विचारलं.

प्रत्येक सोसायटीत एक निवृत्त सिव्हिल इंजिनिअर असतो. तो नसेल तर सोसायटीची नोंदणीच होत नाही, असा माझा समज आहे. आमचे १०१मध्ये राहतात, सार्वजनिक बांधकाम खात्यातले. काठी टेकत वर आले, छत बघितलं, बायकोच्या पेन्सिलीचं कौतुक केलं (‘आमच्या खात्यात एवढ्या नोंदी असत्या तर!’) आणि दहा वाजताच्या आंघोळीचा उलगडा केला.

बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा मुद्दाम फूटभर खाली टाकलेला असतो. त्या खड्ड्यात निचऱ्याचे पाइप फिरवतात, मग विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून तो भरतात, वर कोबा, त्यावर फरशी. फरशीचे सांधे उघडे पडले किंवा नहाणी ट्रॅपच्या कडेला चीर गेली, की रोज तांब्या-दोन तांब्या पाणी आत मुरतं. विटा ते पितात आणि धरून ठेवतात. होता होता फरशीखाली एक टाकी तयार होते. ती कुणी बांधलेली नसते, नकाशात नसते, आणि तिची पाणीपट्टीही कुणी भरत नाही. वरचे लोक कोल्हापूरला गेले काय आणि काशीला गेले काय, ती रिकामी होईपर्यंत खाली गळत राहणारच. आणि साडेपाचला अंगावर घेतलेलं पाणी विटांमधून वाट काढत दहाला खाली पोचलं, तर त्यात नवल काय? ठाण्याहून साडेपाचला निघालेली माणसंही कधीकधी दहालाच पोचतात.

‘आणखी एक लक्षात ठेवा,’ इंजिनिअर म्हणाले, ‘पाणी पडतं तिथूनच ते आलेलं असतं असं नाही.’ स्लॅबमध्ये ते आडवंही चालतं. सळीच्या कडेनं, विजेच्या वायरींच्या पाइपातून, जिथे सोपी वाट दिसेल तिथून. पंख्याचा हूक ही त्याची आवडती जागा. ‘पंख्यातून पाणी यायला लागलं तर बघत बसू नका, आधी त्या खोलीचा एमसीबी पाडा.’ एवढं एकच वाक्य ते आवाज चढवून बोलले.

नंतर चहा घेता घेता त्यांनी आम्हाला जे ऐकवलं त्यानं आमची झोप उडाली. काँक्रीटमधून जाणारं पाणी त्यातला चुना विरघळवून सोबत आणतं, म्हणून छताला पांढरे क्षार फुटतात. आमच्या पार्किंगच्या छताला बारीक पांढऱ्या नळ्या लोंबतात त्याही त्याच्याच. चुनखडीच्या गुहांत अशा गोष्टींना हजारो वर्षं लागतात, सोसायटीत त्या कितीतरी पटींनी वेगानं वाढतात. एरवी सोसायटीत इतक्या वेगानं काहीच होत नाही. पण खरी भीती सळीची. सळी गंजली की तिचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. ठाण्यात जादा जागा मागून कुणाला मिळाली आहे? गंज मागत बसत नाही, काँक्रीट फोडून घेतो, आणि मग छताचे तुकडे खाली येतात. हे ऐकल्यावर बायकोनं पलंग सरकवला. पलंग बेडरूममध्ये होता आणि गळती पॅसेजमध्ये, पण पाणी आडवं चालतं हे तिनं ऐकलं होतं.

दुरुस्ती कधी करायची, याचं उत्तर मात्र इंजिनिअरांपाशी नव्हतं. पावसाळ्यात करता येत नाही, सगळं ओलं असतं, वॉटरप्रूफिंग धरत नाही. शिवाय पावसाळ्यात पाणी बाहेरच्या भिंतीतून येतंय की बाथरूममधून, ते ठरत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून इकडच्या भागात कुठल्याही गळतीला ‘पाऊसच तसा झाला हो’ हे उत्तर कायम हाताशी आहे. पावसाळा सरत नाही तोच गणपती. घरात गणपती असताना फोडाफोड कोण करणार? मग पितृपक्ष, त्यात नवं काम काढत नाहीत. नवरात्रात घट बसलेले. दिवाळीत पाहुणे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला, पण तेव्हा लग्नसराई असते, आणि थेंबही जरा मंदावलेले असतात, त्यामुळे ‘आपोआप थांबतंय वाटतं’ असा एक सुखद विचार दोन्ही मजल्यांवर पसरतो. मार्चमध्ये इयर एंडिंग. काका निवृत्त झालेत, पण मार्च आला की ते अजूनही कामात असतात. एप्रिलमध्ये शेजारच्या मुलांच्या परीक्षा, ठोकाठोकी नको. मे महिन्यात मिस्त्री गावाला जातात. आणि जूनचा पहिला पाऊस पडला की सगळे एका सुरात म्हणतात, ‘हे पावसाळ्याआधीच करून घ्यायला हवं होतं.’

शेवटी प्रकरण कमिटीकडे गेलं. कमिटी पाहणीला येते तेव्हा प्रत्येक सदस्य एकेकदा छताला बोट लावतो आणि ते बोट हुंगतो. आमच्याकडेही तसंच झालं. सगळ्यांचं हुंगून झाल्यावर खजिनदारांनी निष्कर्ष सांगितला, ‘पाणी आहे.’

या बाबतीत उपविधी अगदी स्वच्छ आहेत. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि ड्रेनेजच्या लाइनीची गळती सोसायटीनं आपल्या खर्चानं दुरुस्त करायची. घरातल्या संडास, सिंक वगैरेंची ज्याची त्यानं. वाचताना वाटतं, वादाला जागाच नाही. पण स्लॅबमध्ये शिरलेल्या पाण्यावर कुणाचा शिक्का नसतो. काका म्हणणार, हे पावसाचं, म्हणजे सोसायटीचं. सेक्रेटरी म्हणणार, हे बाथरूमचं, म्हणजे काकांचं. दोघांनाही उगम दुसऱ्याच्या हद्दीत हवा. कृष्णेच्या पाण्यासाठी १९६९ साली लवाद नेमावा लागला, पण नदी महाबळेश्वरला उगम पावते याबद्दल तिथे तरी कुणाची हरकत नव्हती. तसाच प्रश्न स्लॅबचा. पुसून चकचकीत ठेवायचा तेव्हा तो ४०२चा, दुरुस्तीचा खर्च निघाला की सोसायटीचा, आणि डोक्यावर पडला की आमचा.

कुणीतरी म्हणालं, बिल्डरला धरा. रेरा कायद्यात बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर ताबा दिल्यापासून ५ वर्षं असते. पण आमची इमारत त्या कायद्याहून वडील. बिल्डरचं ऑफिस होतं तिथे आता मिसळीचं दुकान आहे. मिसळ बरी असते. दुसरं कुणीतरी म्हणालं, स्ट्रक्चरल ऑडिट करा, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला ते ५ वर्षांतून एकदा करायचंच असतं. यावर कमिटीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे आणि मग घड्याळाकडे बघितलं.

एका संध्याकाळी मी चिडून काकांना म्हणालो, १९६०च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१खाली मी सहकार न्यायालयात जाईन. (त्या न्यायालयात कुठले तंटे न्यायचे त्याची यादी उपविधींत आहे, आणि तिच्यात गळती नावानिशी आहे. यादी करणाऱ्यांच्या घरावरही कुणीतरी राहत असणार.) काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘जरूर जा. माझा पुतण्या वकील आहे. तुमची केस तो सवलतीत चालवेल.’

काका असे का वागतात, ते मला फार उशिरा कळलं, आणि तेही अळूवडीच्या ताटलीमुळे. ती परत द्यायला मीच वर गेलो होतो. काका स्वयंपाकघरात स्टुलावर उभे होते, छताकडे हात करून फोनवर ५०२शी बोलत होते. ‘पाणी वरून खाली येतं हे शाळेतल्या पोरालाही कळतं! त्याला पुरावा कसला लागतो?’ तर ५०२चं सिंक काकांच्या ओट्यावर गळत होतं. म्हणजे छताखाली उभे राहिले की काका भौतिकशास्त्राचे, आणि फरशीवर उभे राहिले की पुराव्याच्या कायद्याचे. मग मी विंगभर बघत गेलो. सगळीकडे तेच. ज्याच्या छताला ओल त्याला पाण्याचे सगळे नियम पाठ, आणि ज्याच्या फरशीतून जातंय त्याला रसायन, ऋतू, बिल्डर, भूकंप, सगळं आठवतं. एकच माणूस स्टुलावर चढतो तेव्हा एक आणि उतरतो तेव्हा दुसरा. सगळ्यात वरच्या ७०२वर फक्त गच्ची. त्यांचा वरचा म्हणजे खुद्द सोसायटी. त्यांना भांडायला समोर माणूस नाही, ठराव आहे. आणि तळमजल्यावरच्या दुकानदारांचं पाणी कुणावर पडत नाही, त्यामुळे वार्षिक सभेत नीतीवर तेच सगळ्यात जास्त बोलतात.

रंगाच्या चाचणीची कल्पनाही इंजिनिअरांचीच. नहाणीचं तोंड बोळा घालून बंद करायचं, बाथरूममध्ये पाणी साठवायचं, त्यात रंग टाकायचा आणि ४८ तास थांबायचं. खाली रंग आला तर पाणी वरचं. काकांनी अटी लेखी मागितल्या, मिळाल्या. मग रंगावरून चर्चा झाली. लाल नको, काकूंना ते बघवणार नाही. पिवळा नको, ते तर आधीच गळतंय. शेवटी रंगपंचमीचा उरलेला गुलाबी निघाला. रंग टाकायला निम्मी विंग हजर होती. काकूंनी सगळ्यांना पन्हं दिलं.

४८ तास झाले. आमचा थेंब पूर्वीसारखाच पिवळट. काकांनी घड्याळ बघितलं, ‘वेळ संपली’ असं जाहीर केलं आणि बोळा काढला. संध्याकाळी वरून शिरा आला. तो विजयाचा होता की सांत्वनाचा, ते चवीवरून कळेना. काजू मात्र भरपूर होते.

आणखी दोन दिवसांनी, सकाळी दहा वाजता, थेंब गुलाबी पडला.

बायकोनं तो पांढऱ्या वाटीत धरला आणि ती तशीच अनवाणी वर गेली. काकांनी वाटी खिडकीपाशी नेली, उजेडात धरली, तिरकी केली. म्हणाले, ‘आमचा जास्त गडद होता.’ मागून जिना चढत आलेल्या इंजिनिअरांनी विटा रंग कसा शोषतात ते सांगितलं. काका बराच वेळ वाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘तुमच्या ओळखीचा मिस्त्री कोण आहे?’

मिस्त्री आला. कुठलाही मिस्त्री आधी मागच्या मिस्त्रीची निंदा करतो, याही मिस्त्रीनं ती केली. ‘ये किसने किया था?’ असं तीनदा विचारून झाल्यावर तो म्हणाला, ‘तोडना पडेगा.’ तोडलं. ट्रॅपच्या कडेला बोटभर चीर होती, आणि खालच्या भरावातून चिंब विटांबरोबर बिल्डरच्या गवंड्यानं विसरलेली एक थापी निघाली. काकांनी ती धुवून ठेवून दिली. नवा कोबा झाला, उतार काढला, वॉटरप्रूफिंगचे हात झाले, पुन्हा पाणी साठवून बघितलं, खाली थेंब नाही. मग फरशी. एवढे दिवस काका-काकूंची आंघोळ कुठे? आमच्याकडे. बरोबर साडेपाचला बेल वाजायची. काका टॉवेल खांद्यावर टाकून आत जायचे, बाहेर यायचे आणि आमच्या फरशीचे कुठले सांधे उघडे पडलेत ते रोज एक-एक करून सांगायचे. काकू आंघोळीनंतर आमच्या ओट्यावर चहा टाकायच्या, आणि तो आमच्या चहापेक्षा चांगला असायचा.

गळती थांबली. उरलं फक्त छत रंगवायचं. त्याचा खर्च वरच्यांनी द्यावा असं पत्र आम्ही कमिटीला दिलं. दुसऱ्याच दिवशी काकांचं पत्र गेलं. चाचणीच्या रंगानं त्यांच्या जुन्या फरश्यांवर गुलाबी डाग पडला होता, सबब त्यांची भरपाई खालच्यांनी द्यावी. फरश्या तर फोडून टाकल्या, असं आम्ही म्हणालो. काका म्हणाले, एक ठेवली आहे. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती गुलाबी फरशी त्यांनी सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली आणि पोचपावती मागितली.

३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. विषयपत्रिका आधीच वाटून झाली होती, त्यामुळे दोन्ही पत्रं ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या शेवटच्या कलमात गेली. त्या कलमापर्यंत पोचण्याआधी सभेत बटाटेवडे येतात आणि गणसंख्या जाते. विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे. फरशी सोसायटीच्या कपाटात जमा आहे. छत जमा करून घेता येईना, तेव्हा ‘सदर छतावरील पेन्सिलीच्या रेघा हा पुरावा असल्याने निर्णय होईपर्यंत त्यास रंग लावू नये,’ असं सेक्रेटरींनी आम्हाला लेखी कळवलं आहे.